लायसन साहेबांचं, चूक माझी

मंडळी, आज दुपारी ऑफिसात जे झालं ते इथं लिहिते.

आमच्या पाणलोटाच्या ऑफिसात नकाशाच्या सॉफ्टवेअरची दोन लायसन आहेत. एकावर नकाशा फक्त बघता येतो, दुसऱ्यावर बदलता येतो. बदलायचं साहेबांना मिळालं, कारण ते सगळ्यात सीनियर. ते माउसला हातही लावत न्हाईत. नकाशे काढते मी, अन् मला नुसतं बघायचं! मंग काय, दोन वर्षं त्यांचाच पासवर्ड टाकून काम चाललंय.

आज धावडा गावाहून खोदायच्या मशीनच्या ड्रायव्हरचा फोन आला. "मॅडम, जल्दी काहीतरी करा. नकाशा बघून मशीन खोदायला आणलं, तर शेत भलत्याचंच निघालं. त्या शेतवाल्याची माणसं मशीनपुढं बसलीत."

नकाशावरची नालाबांधाची, म्हणजे ओढ्याचं पाणी अडवायच्या बांधाची, खूण गेल्या आठवड्यात मीच सरकवली होती. घाईत शेताचा गट नंबर चुकला.

वरच्या ऑफिसचे अधिकारी तपासणीला आलेलेच होते. त्यांनी कॉम्प्युटरवर नोंद उघडली अन् साहेबांना म्हणाले, "शेवटचा बदल तुमच्या नावानं आहे."

साहेबांनी एकदाच माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "बराबर, नाव माझंच आहे. आधी मशीन थांबवा."

मशीन थांबलं. साहेबांकडून लेखी खुलासा मागितलाय. खूण मी सरकवली, हे मी अजून कुणाला सांगितलं न्हाई.

आता नेट कॅफेत बसून माझ्या स्वतःच्या नावानं हे लिहिते. साहेब या कम्युनिटीत न्हाईत, म्हणूनच हिंमत झाली. उद्या दहाला ते खुलाशावर सही करतील. खरं सांगा, तुम्ही दहाच्या आधी बोलला असतात?