नवऱ्याचा रक्तगट

माणसाला नाव असतं, ही गोष्ट आमच्या शेजारच्या डॉक्टरबाईंना उभ्या जन्मात पटली नाही. त्यांच्या लेखी माणसाला असतो तो फक्त रक्तगट. दूधवाला दिसला की "काय रे बी पॉझिटिव्ह, आज पाणी जास्त झालं काय?" ही हाक अख्ख्या गल्लीला ऐकू जाई. माझ्या मुलीच्या लग्नात तर त्यांनी आहेराचं पाकीट हातात ठेवायच्या आधी नवरदेवाला गट विचारला. तो बिचारा घाबरून आईकडेच बघायला लागला. संताप यायचा हो! पण राग टिकत नसे, कारण बाईंना काचपट्ट्यांपलीकडे जगच नव्हतं. वर्ध्याच्या एका रुग्णालयात त्या गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासत. पेशींवरही रक्तगटाची खूण असते; रोगात ती टिकली तर आजार त्यातल्या त्यात गरीब, पुसली गेली तर आडदांड, असा त्यांचा अभ्यास. आम्ही माना डोलवायचो आणि चहा संपवून पळायचो.

मग अल्लीपूरच्या माझ्या वहिनीलाच तो आजार निघाला आणि तिचा तुकडा बाईंच्याच टेबलावर गेला. वहिनीनं गट सांगितला ए. बाईंनी ए ची खूण रंगवून पाहिली, तर रंगाचा ठिपकाही नाही. बाईंना खोटं बोलता येत नाही, पण निदान चेहरा तरी झाकायचा! वहिनीनं तो पाहिला आणि किरणोपचार सुरू व्हायच्या आधीच गाठोडं बांधलं. "मले शेकबीक काही नाई पायजे. मरायचंच हाय तं आपल्या घरी मरतो." दादा वॉर्डाबाहेर पायरीवर बसून ढसाढसा रडत होता.

सकाळी बाई धावतच वॉर्डात आल्या. "रोगानं खूण पुसली, मान्य! पण तुकड्यातल्या चांगल्या रक्तवाहिन्यांवर तरी ए दिसाले पायजे ना? तिथंबी नाई! तुहा गट ए हाय म्हणून तुले सांगितलं कोणं?"

"कोण सांगन?" वहिनी दादाकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाली. "यायचा ए हाय, म्हणून माहाबी ए. लग्नात नाव बदललं, गाव बदललं, मंग गट काऊन नाई बदलनार?"

दादानंही मान हलवली. त्यालाही ते रास्तच वाटत होतं. जगाला गट विचारत फिरणाऱ्या बाई नेमक्या वहिनीच्या शब्दावर विसंबल्या होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला आणि तिथंच वहिनीचं बोट टोचलं. गट निघाला बी! बी ची खूण शोधायला काचपट्टी नव्यानं रंगवली आणि गाठीतली पेशीन् पेशी तपकिरी रंगानं भरून आली. "हाय! खूण हाय!" अशी आरोळी ठोकत बाई आल्या, त्यांनी गाठोडं स्वतःच्या हातानं सोडलं. "हे काही पंचांग नोहे, वचन देत नाई मी. पण लढायले जागा हाय. शेक पुरे करजो."

वहिनीनं ते पुरे केले. आज कापूस वेचायला ती सगळ्यांच्या पुढे असते, आणि दादानं आवाज चढवला की "तुमचा ए, माहा बी, आता हुकूम चालनार नाई" असं ठणकावते. ती जिंकली, बाबा! सांगताना अजून माझी छाती फुगते.

मागच्या हिवाळ्यात तिनं बाईंना पाटोडीच्या रश्श्याचं जेवण घातलं. बाई मनसोक्त जेवल्या. अंगणात हात धुताना मात्र थबकल्या.

"तुह्यासंग सिंदी गावची एक जण होती."

"माह्या बाजूच्या खाटेवरची," वहिनी म्हणाली.

"तिची पट्टी मी पुन्हा पुन्हा रंगवून पाह्यली. तिचा गट बरोबरच होता. खूण मात्र आलीच नाई."

बाईंचे ओले हात वहिनीनं आपल्या पदरात घेतले आणि पुसत राहिली.