न फुटलेला थर

नव्वदच्या दशकात मी सांगलीत सिलिकॉनच्या पातळ थरांवर संशोधन करत होते. काचेवरचा विटकरी थर भट्टीत हळूहळू तापवला, की आतले अस्ताव्यस्त अणू ओळीत लागतात, स्फटिक बनतात आणि थर पिवळसर, जास्त पारदर्शक होतो. घाई केली, तर आत अडकलेला हायड्रोजन फोड आणून बाहेर पडतो आणि थराचे पापुद्रे निघतात. माझे थर सारखे फुटायचे. "काच नीट धुतली नसशील," माझे मार्गदर्शक सर म्हणायचे. हात सोलवटेपर्यंत मी काचा धुतल्या.

मग एकदा चहा पिऊन परत आले, तर भट्टीच्या तापमानाचा काटा नको तितका पुढे गेलेला. सरांनीच तो वाढवला होता; त्यांना साताऱ्याची एसटी गाठायची होती!

पुढच्या वेळी मी चहाला गेलेच नाही. सरांनी घड्याळ बघितलं आणि भट्टीच्या बटणाकडे हात नेला. माझं घर तासगावचं. सावलीत वाळणारा बेदाणा कुणी घाईनं उन्हात ओढला, की वडील जसे ओरडायचे, तशीच मी ओरडले, "आवं, हात लावू नका! वाटोळं हुईल समदं!"

सरांनी हात मागे घेतला. एसटी गेली.

दुसऱ्या दिवशी भट्टी थंड झाल्यावर मी काच खिडकीकडे धरली. थर अखंड होता, पिवळसर होता, आणि त्यातून पलीकडचं लिंबाचं झाड दिसत होतं. सरांनी चष्मा वर करून निरखून पाहिलं.

"बघ," ते म्हणाले, "या वेळी काच नीट धुतलीस."