दादाचा मंगळवार, धाकटीचा मंगळवार

बाबांनी पुण्याच्या एका कॉलेजात आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलं. आई गेल्यावर ते आमच्याकडे सिंगापूरला राहायला आले, पण शिकवायची सवय काही सुटली नाही. त्यामुळे माझा थोरला भाऊ टेक्सासहून आणि धाकटी बहीण जर्मनीहून एकाच वेळी त्यांना भेटायला आले, तेव्हा बाबांना आयताच वर्ग मिळाला.

क्वीन्सटाउनमधला आमचा फ्लॅट जुना, आटोपशीर. दादा बॅगा ठेवता ठेवता म्हणाला, "माझं गॅरेज याच्याहून मोठं आहे." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण धाकटी लगेच म्हणाली, "गॅरेजमध्ये राहतोस का पण?" तिथून जे सुरू झालं ते दोन दिवस थांबेना. दादाकडे पगार, मोठं घर, कमी कर. धाकटीकडे भरपूर रजा, जवळजवळ फुकट शिक्षण, दवाखान्यात बिलाची धास्ती नाही. "युरोप दमलाय आता," दादा म्हणायचा. "आणि तुम्हाला दमायलाही सवड नाही," ती म्हणायची. मधूनच दोघं माझ्याकडे वळून विचारत, "तुझं काय?" माझं दोन्हींतलं थोडं थोडं होतं. कर कमी, आणि घर सरकारनं बांधलेलं. त्यामुळे मला कोणीच आपल्या बाजूला घेईना.

तिसऱ्या दिवशी नाश्त्याला बाबा म्हणाले, "सरासरी मला सांगू नका, ती मी पुष्कळ वर्षं फळ्यावर लिहिली. आपापला एक साधा मंगळवार सांगा. उठल्यापासून झोपेपर्यंत."

दादाचा मंगळवार अंधारात गाडी काढण्यापासून सुरू होत होता. दुपारचं जेवण कीबोर्डशेजारी, मुलाची मॅच फोनवर तुकड्यातुकड्यानं. "पण मागे केवढं अंगण आहे, बाबा. झाडं, शांतता. तिथे बसलं की सगळं विसरायला होतं."

"मंगळवारी बसतोस?"

"मंगळवारी नाही. शनिवारी. जमलं तर."

धाकटीचा मंगळवार ऐकायला छान होता. सायकलवर पुढे मुलगी, दुपार कलली की काम बंद, मग तळ्याकाठी फेरी. नवऱ्याचा दिवस मात्र तिनं सांगितला नाही, आणि आमच्यापैकी कोणी विचारलाही नाही.

नाश्ता झाल्यावर दादानं ऑफिसचा लॅपटॉप उघडला. सुट्टीवर असूनही तो रोज उघडायचा. पासवर्ड चालेना. मी वायफाय बंद करून पुन्हा चालू केलं. तेवढ्यात त्याच्या फोनवर, खासगी पत्त्यावर, ऑफिसची मेल आली. त्यानं ती वाचली, पुन्हा वाचली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "नोकरी गेली. आमची सगळी टीमच काढलीय."

बाबांनी पेपरची घडी घातली. दादानं वहिनीला फोन लावला. पहिलं वाक्य नोकरीचं, दुसरं विम्याचं. मुलाला दमा आहे, आणि तिकडे नोकरीबरोबर विमाही जातो. विमा संपायच्या आत त्याची औषधं भरून ठेव, असं तो सांगत होता. ते ऐकून धाकटी उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन तिनं चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी बाबांनीच टूम काढली, सेम्बावांगच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर जाऊ. त्यांच्या गुडघ्यांना ते पाणी मानवतं. एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं उत्तरेला, पुढे बसनं गेलो आणि झऱ्याचं पाणी बादल्यांत भरून त्यात पाय सोडून चौघं ओळीनं बसलो. आजूबाजूला चिनी आजी-आजोबा निवांत गप्पा मारत होते.

"दादा," धाकटी एकदम म्हणाली, "माझा नवरा होता तो कारखाना बंद पडून वर्ष उलटलं."

"आणि तू आत्ता सांगतेयस?"

"काय सांगू? सरकारकडून पैसे येतात, घर चालतं, कोणी घराबाहेर काढत नाही. पण पन्नाशीच्या माणसाला तिथे पटकन कोणी घेत नाही. एकदा घेतलं की काढणं अवघड, म्हणून घ्यायलाच कचरतात. रोज सकाळी दाढी करून बसतो. जायचं कुठेच नसतं."

दादानं विचारलं, "मी तिकडे असतो, तर मला असं एका मेलवर काढलं असतं?"

"छे. नोटीस, बैठका, त्यातच कितीतरी महिने गेले असते."

"आणि मग?"

"मग तूही दाढी करून बसला असतास."

दादा हसला. आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच. मी बाबांना विचारलं, "मग बरोबर कोणाचं?" ते म्हणाले, "हा प्रश्न मी दहा मार्कांना घालायचो. मुलं पानंच्या पानं लिहायची, आणि मी मार्क द्यायचो. कशाला देत होतो कोण जाणे. जरा गार पाणी घाल गं, चटका बसतोय."

धाकटी ठरल्या दिवशी गेली. दादानं तिकीट पुढे ढकललं. रात्री, तिकडची सकाळ झाली की, तो आमच्या जेवणाच्या टेबलावरून मुलाखती द्यायचा. दिवसभर बाबांबरोबर हिंडायचा. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात कॉफी, जुरोंग ईस्टच्या लायब्ररीत वर्तमानपत्रं. माझी लेक इथल्या मुलांसारखं शेवटी 'लाह' जोडत त्याला म्हणाली, "मामा, फायनली हॉलिडे लाह!" तो म्हणाला, "हो गं, पण सक्तीची." चेहरा मात्र उतरलेला नव्हता. त्याला बाबांचे पाय चेपताना मी लहानपणानंतर प्रथमच पाहिलं.

निघायच्या आधी त्याला दुसऱ्या राज्यात नोकरी मिळाली, आधीपेक्षा चांगल्या पगाराची. अंगणाचं घर विकावं लागलं. धाकटीच्या नवऱ्यानं सरकारी खर्चानं नवं प्रशिक्षण घेतलं आणि बऱ्याच महिन्यांनी तो रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये लागला. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. परवा धाकटीचा फोन आला तेव्हा ती घाईत होती. तो कामावरून यायच्या आत तिला पोळ्या उरकायच्या होत्या.