शालनकाकूंची पेठ

मॅचच्या दिवशी शालनकाकू गाडीत बसायला साफ नकार देत. बेलव्ह्यूच्या घरून बसने तलाव ओलांडायचा, सिॲटलच्या जुन्या चौकाशी उतरायचं आणि झेंडे नाचवत निघालेल्या घोळक्यात शिरून स्टेडियमपर्यंत पायी जायचं, हा त्यांचा नेम. वय पासष्टीच्या पुढे, साडीवर रेनकोट, पायात नातेवाइकांनी नावं ठेवलेले जाडजूड बूट. आजूबाजूची गाणी इंग्रजीत चालत. काकूंना त्यातला एक शब्द कळत नसे, पण आवाज सगळ्यांत खडा त्यांचा. "मॅचला काय लग्नाला गेल्यागत दारात उतरायचं असतंय व्हय?" त्या म्हणत. "चालत गेल्याबिगर अंगात येत न्हाई."

काकू कोल्हापूरच्या. सारा महाराष्ट्र क्रिकेटपायी वेडा असताना या एका गावाने फुटबॉलशी संसार मांडलाय. तिथे पेठापेठांतल्या तालमींचे संघ असतात आणि सामन्याच्या आठवड्यात सख्खे मेहुणेही एकमेकांशी अबोला धरतात. काकूंचे दोन्ही भाऊ खेळायचे. काका गेल्यावर मुलगा संदीप त्यांना इकडे, आमच्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये घेऊन आला. तो आणि सून दिवसभर ऑफिसात. काकू खिडकीशी बसून पार्किंगमधल्या गाड्या बघायच्या, दोन घास कमीच खायच्या. मी पुण्याची, आगाऊपणा अंगातच. ही बाई इथे टिकत नाही, असं मी नवऱ्याला सांगूनही टाकलं होतं.

माझा नवरा निरंजन नागपूरचा. त्याला वाटलं, काकूंना एक मॅच दाखवावी. त्याने हौसेने तिकिटं काढली, पण फुटबॉलमधलं ज्ञान यथातथा, त्यामुळे आम्ही जाऊन बसलो ते नेमके पाहुण्या संघाच्या लोकांत. काकूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "आपली माणसं कुठली?"

"ती समोरची, हिरवी," निरंजन म्हणाला.

"मग आपण हितं काय करालोय?"

"काकू, व्ह्यू तर सेमच आहे ना."

"परक्या पेठेत जेवायला बसावं. मॅच बघायला न्हाई. मी जातो तिकडं," असं म्हणून त्या उठल्या. कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतात आणि अशाच उठतात. आम्ही मागे धावलो. समोरच्या दारावरच्या मुलीने तिकिटं पाहून नकारार्थी मान हलवली. काकूंनी तिचा हात हातात घेतला आणि शुद्ध मराठीत आपली अडचण समजावून सांगितली. तिला काय उमगलं देव जाणे, पण तिने हसून आम्हाला आत सोडलं. तिथे सगळे उभेच, कोणी बसतच नव्हतं. एका दाढीवाल्या ढोलकऱ्याने सरकून काकूंना जागा दिली, ती कायमचीच. त्या दिवशी घरी आल्यावर काकूंनी दोन वेळा भात वाढून घेतला.

कुठल्या शहरात हा खेळ चालतो आणि कुठल्या शहरात का चालत नाही, यावर निरंजन एकदा लॅपटॉप उघडून बोलत होता. "डाउनटाउन स्टेडियम, ट्रेन कनेक्टिव्हिटी, यंग क्राउड," असं बरंच काही. काकू कोथिंबीर निवडत म्हणाल्या, "मैदान गावाच्या पोटात पाहिजे. आन शेजारी उभारलेला माणूस वळखीचा पाहिजे. बाकी मग बॉल कुठंबी जाऊ दे." निरंजनने लॅपटॉप मिटला.

मग संदीपला टेक्ससमध्ये नोकरी लागली. शुगर लँड नावाचं गाव. ऊन, दमट हवा, गाडीशिवाय पाऊल टाकायची सोय नाही आणि मैदान लांब ह्यूस्टनला. काकू पुन्हा खिडकीशी बसू लागल्या. विमानतळावर त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला तेव्हा मला रडू आवरलं नाही. ही बाई पुन्हा कोमेजणार, हीच धास्ती.

महिनाभर फोन करायचं मला धाडस झालं नाही. शेवटी त्यांचाच आला.

"काकू, करमतंय का?"

"न करमायला काय झालं? शेजारी रोझा म्हणून हाय, मेक्सिकोची. तिच्या घरात सगळी फुटबॉलवाली. मी पुरणपोळी घेऊन गेलो, त्यांनी मला मॅचला नेलं. दर मॅचला एका गाडीत कोंबून जातोय आम्ही. आता तिची सासूबी यायलीय, ती आधी घराबाहेर पडत नव्हती."

मागे कोणीतरी स्पॅनिशमध्ये हाका मारत होतं. काकू त्यांना मराठीत "आलो, आलो" म्हणाल्या आणि मला विचारलं, "तुमी कुणाबरूबर जाता आता?"

आम्ही जातच नव्हतो. त्या गेल्यापासून घरी सोफ्यावर बसून टीव्हीवरच बघत होतो. तसं सांगितलं.

काकू म्हणाल्या, "पोरी, मी काय पेठ उचलून आणली व्हय हिकडं?"

संदीपच्या रिकाम्या झालेल्या घरात एक कोरियन आजोबा राहायला आले होते. दिवसभर ते त्याच खिडकीशी बसलेले दिसायचे. फोन ठेवला आणि मी जाऊन त्यांचं दार वाजवलं.