भिंतीकडे तोंड करणारे गंगाधरमामा

गिऱ्हाईक फोनचा कोड टाकू लागलं की गंगाधरमामा तोंड भिंतीकडे करायचे. पाथरीच्या बसस्टँडसमोर त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं एवढंसं दुकान. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. तरी हा माणूस स्टुलावर पूर्ण वळायचा आणि "टाका" म्हणून कॅलेंडर बघत बसायचा. मी एकदा म्हटलं, "मामा, माझ्या फोनात शाळेच्या हजेरीशिवाय काही नाही हो. बघा खुशाल." तर म्हणाले, "सर, कुणाच्या घरात डोकवायची आमाला सवय न्हाई."

कोणता फोन घ्यावा हे विचारायला सगळा तालुका त्यांच्याकडे यायचा. ऊसतोडीला निघालेले तर हमखास. मामा आधी विचारणार, "कुठं ऱ्हाणार? कोण वापरणार?" तोडीला जाणाऱ्याला ते ठाम सांगायचे, "अँड्रॉइड घ्या. फुटला तर कोणत्याबी गावात सामान मिळतंय, कुणाचाबी चार्जर चालतोय. दोन-तीन वर्षांत दमतो, तेवढं सोसायचं." एखादा ऐटीत आयफोनचं विचारी. "चांगला हाय की. वर्षानुवर्षं अडखळत न्हाई. चोराच्या हाती लागला तरी तोंड उघडत न्हाई. लय इमानदार वस्तू. पर आमच्यासारख्याला सहजी हात लावू देत न्हाई."

या इमानदारीवर भाळूनच त्यांनी पुण्यात नोकरीला लागलेल्या शिवाला, आपल्या एकुलत्या एका पोराला, जुना आयफोन घ्यायला लावला. शिवा माझा विद्यार्थी. लाघवी पोरगं. आई गेल्यापासून रोज दुपारी एकला बापाला फोन करायचा आणि जेवणाची चौकशी करायचा. एका पावसाळ्यात मोटारसायकलच्या अपघातात तो गेला. फोनवर मात्र ओरखडाही नव्हता.

साऱ्या तालुक्याचे फोन दुरुस्त करणाऱ्या मामांना तो उघडता येईना. शिवाची जन्मतारीख टाकली, त्याच्या आईची टाकली, गाडीचा नंबर टाकला. मग फोन तासतासभर थांबायला सांगू लागला. आणखी चुकलं तर दार कायमचं बंद, हे मामांना पक्कं माहीत होतं. त्यांनी हात आवरला. "माझ्यासमोर धा येळा कोड टाकला हो त्यानं," ते म्हणाले, "आन् मी भिंतीकडं बघत बसलो. सख्ख्या लेकाला गिऱ्हाईक केलं मी!"

एक गोष्ट मात्र उरली होती. रोज दुपारी एकला मामा डबा समोर ठेवायचे आणि आपल्या अँड्रॉइडवरून शिवाच्या फोनला रिंग द्यायचे. कुलूपबंद पडद्यावर शिवानं बापासाठी साठवलेलं नाव उमटायचं: 'आबा जेवले का'. मामा ते वाचायचे, फोन कट करायचे आणि मगच डबा उघडायचे. म्हणून तो फोन ते कधी बंद पडू द्यायचे नाहीत. "एकदा बंद होऊन चालू झाला ना सर, की कोड टाकल्याबिगर नाव दाखवत न्हाई. निस्ता नंबर दाखवतोय."

पुढच्या हिवाळ्यात मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला परभणीला गेले, तो फोन माझ्या हवाली करून. "तुमच्यावर भरोसा हाय, सर." पहिले दोन दिवस मी डोळ्यात तेल घालून सांभाळला. तिसऱ्या दिवशी शाळेच्या गडबडीत वायर खोचली आणि बोर्डाचं बटण दाबायचंच विसरलो. संध्याकाळी बघतो तर पडदा काळा. काय हा गाढवपणा! बटण दाबलं, फोन चालू झाला आणि कोड मागू लागला.

मामा परतले त्या दिवशी दुकानात जाऊन सगळं खरं सांगितलं. काळा चष्मा सावरत त्यांनी फोन माझ्या हातून घेतला. एक वाजला तशी त्यांनी रिंग दिली. पडद्यावर नुसते दहा आकडे. पुन्हा दिली. पुन्हा तेच.

"मामा, शिव्या द्या हो मला," मी म्हटलं.

"तुमाला कशाला, सर? मशीन हाय ते. कवातरी बंद पडायचंच," असं म्हणून त्यांनी डबा न उघडताच बाजूला सारला.

मला राहवलं नाही. "मामा," मी विचारलं, "जेवलात का?"

मामांनी स्टूल फिरवलं आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यांचे खांदे हलताना दिसत होते. मग तिकडूनच म्हणाले, "न्हाई. बसा. दोघं मिळून खाऊ."

त्यानंतर मामा जाईपर्यंत, शाळेच्या मधल्या सुट्टीत मी रोज त्यांना फोन लावून तेच विचारत राहिलो. शेवटच्या आजारपणात घास उतरत नव्हता, तरी "जेवलो, सर" म्हणायचे. मी समोर बसून विचारलं, की तेवढं भिंतीकडे तोंड करून.