उखर्डूनानांचा फळा आत गेला

उखर्डूनानांना न बोलता लिहिता येत नसे. खडू फळ्याला लागला की तोंड सुरू. "तेल मिलला... राखणदार... पाहिजे... एक," असा एकेक शब्द मोठ्यानं म्हणत ते लिहीत. चौथीनंतर शाळा सुटली, पण शाळेतली ही सवय काही सुटली नाही.

जळगावच्या आमच्या समाजाच्या बोर्डिंगचे ते व्यवस्थापक, राखणदार आणि शिपाई, तिन्ही एकटेच. समाज कुठला ते सांगत नाही. त्या काळी जळगावात जवळपास प्रत्येक समाजाचं एक बोर्डिंग होतं आणि शहाणपण आपल्याच बोर्डिंगात मुक्कामाला आहे असं प्रत्येकाला वाटत होतं. आम्हीही त्यातलेच. मी तिथला चिटणीस होतो.

नाना मूळचे धुळ्याकडचे. आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवून आणलं आणि उखर्डू नाव ठेवलं. हेतू एवढाच की काळाचं लक्ष या पोराकडे जाऊ नये. पुढं आयुष्यभर नानांनी कुणाचंच लक्ष आपल्याकडे जाऊ दिलं नाही. बायको वारल्यावर मुलगी वच्छला आणि ते, दोघं फाटकाला लागून असलेल्या खोलीत राहत. खोलीच्या पलीकडे सभागृह. खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर, रस्त्याच्या अंगाला, तो फळा.

पद्धत अशी होती की समाजाचा माणूस जिथं नोकरीला असेल तिथं जागा निघाली की त्यानं बोर्डिंगला एक कार्ड टाकायचं. नाना ते सकाळी सात वाजता फळ्यावर उतरवीत. त्यांचा आवाज ऐकून भाजीवाल्या टोपली टेकवून उभ्या राहत, हमाल थांबत. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही कोणत्या मिलमध्ये काय पाहिजे ते कळायचं.

सत्त्याऐंशी साली घोटाळा झाला. आमच्याच एका तेल मिलवाल्यानं राखणदार हवा म्हणून कार्ड टाकलं. चोपड्याच्या वरच्या पाड्यातला मंगा नावाचा माणूस केळीच्या ट्रकवर हमाल म्हणून आला होता. त्यानं नानांचं वाचन ऐकलं आणि तसाच पायी मिलवर गेला. आमच्या अध्यक्षांचा, लीलाधरशेठचा भाचा मुहूर्त बघून दोन दिवसांनी पोचला. तोवर मंगा शिट्टी गळ्यात घालून फाटकावर बसला होता. त्यानं भाच्याला आत सोडलं नाही.

बैठक बोलावली. लीलाधरशेठ तापले होते.

"कार्ड आपल्या माणसाचं, फळा आपला, खडू आपला, आणि नोकरी गावाची?"

निवृत्त मास्तर कौतिक सर म्हणाले, "शेठ, वाचल्यानं जागा झिजते का? ज्याला माणूस ठेवायचा तो पारखूनच ठेवतो. तुमचा भाचा आधी पोचला असता तर?"

"आधी पोचायला त्याला काय पाडा सोडून यायचं होतं?"

"नाही ना, म्हणून तर उशीर झाला."

लोक हसले. मला दोघांचंही पटत होतं. वर्गणी भरणाऱ्यानं चार गोष्टी आपल्याला आधी कळाव्यात असं म्हटलं तर त्यात गैर काय? आणि रस्त्यावरच्या माणसाला चार अक्षरं दिसली तर आपलं काय जातं? पण दोन्ही बाजू पटणारा चिटणीस शेवटी अध्यक्ष सांगतील ते लिहितो. मी ठराव लिहिला: फळा सभागृहात लावावा आणि चालू वर्षाची सभासद-पावती दाखवणाऱ्यासच वाचू द्यावा. खाली सही माझी.

फळा आत गेला, पण नानांचं तोंड तसंच राहिलं. आठ दिवसांत सभागृहाच्या खिडकीखाली पहिल्याइतकीच माणसं जमू लागली. काही तर चहाचा ग्लास घेऊन. लीलाधरशेठनी पाहिलं आणि मला पाठवलं.

"नाना," मी म्हणालो, "उद्यापासून मनातल्या मनात म्हणत लिहा."

"मनमां?" ते थोडे गोंधळले. "बरं भाऊ, करी देखस."

फार हाल झाले त्यांचे. पहिले काही दिवस निम्मा शब्द तोंडातून निसटायचा. मग त्यांनी उपाय काढला. लिहिताना अख्खी सुपारी तोंडात धरायची आणि जीभ तिच्यावर दाबून ठेवायची. एकेका कार्डाला दुप्पट वेळ लागू लागला. पण महिन्याभरात सभागृहात फक्त खडूचा आवाज उरला आणि खिडकीखालची माणसं एकेक करून येईनाशी झाली.

सभागृहाच्या दाराशी नाना असे पहारा देत बसत की मला कधीकधी हसू यायचं. कुणीही येवो, पहिला प्रश्न ठरलेला: "पावती शे का?" धुळ्याहून त्यांचा सख्खा पुतण्या आला, त्यालाही त्यांनी फळा दाखवला नाही. जेवू घातलं आणि गाडीत बसवून दिलं. मी वार्षिक अहवालात त्यांच्या या सचोटीचं दोन ओळी कौतुक केलं. त्या दोन ओळींची मला पुढं फार लाज वाटली.

एक्क्याण्णवच्या जूनमध्ये सावद्याहून कार्ड आलं. शाळेत शिक्षिका पाहिजे, डी.एड. झालेली, महिनाअखेरपर्यंत अर्ज. कार्ड टाकलं होतं तिथल्या मुख्याध्यापकांनी, चुडामण सरांनी. नानांनी सुपारी तोंडात धरून ते फळ्यावर लिहिलं. दोन-तीन सभासदांनी वाचलं. त्यांच्या मुलींना सावदा लांब वाटलं. महिनाअखेर आली आणि नानांनी ओल्या फडक्यानं ती जागा पुसली.

ऑगस्टमध्ये चुडामण सर एका लग्नाला आले आणि बोर्डिंगवर उतरले. चहा घेताना त्यांनी मला विचारलं, "नानांची वच्छला का आली नाही हो? दोन वर्षं झाली पोरगी डी.एड. होऊन घरात बसलीय. मी तिलाच डोळ्यासमोर धरून कार्ड टाकलं होतं."

"मग नाव का नाही लिहिलंत?"

"फळ्यावर कुणा एकाचं नाव बरं दिसलं असतं का? म्हटलं, बापच तर फळा लिहितो. पहिल्याच दिवशी येईल. तीस तारखेपर्यंत वाट बघितली, मग दुसरी घेतली."

मी तडक नानांकडे गेलो. ते हौदाजवळ बादल्या घासत होते.

"नाना, सावद्याची जागा तुम्ही स्वतः लिहिलीत. वच्छलाला का नाही सांगितलं?"

त्यांनी बादली खाली ठेवली. "मी सभासद नही ना, भाऊ."

"तुम्ही? सभासद नाही?"

"पहिला वरीसले पावती मांगी व्हती. तवाना अध्यक्ष बोलनात, तू ते आपलाच माणूस शे, तुनाकडथून वर्गणी काय लेवानी? मंग परत कोणी फाडीच नही." मग ते मलाच समजावू लागले. "पावती नही तेले दखाडानं नही, असा ठराव शे. मना पुतण्याले मी वापस धाडा. मन्ही पोरले कसं सांगू?"

मला त्यांचा संताप आला. एवढं सरळ असायचं असतं का माणसानं? मग कळलं की संताप त्यांचा नाही. चिटणीसपदाच्या बारा-तेरा वर्षांत सभासदांच्या यादीत हे नाव नाही, हे मी कधी बघितलंच नव्हतं. आपलेपणानं आम्ही त्यांची वर्गणी माफ केली होती आणि आपलेपणानंच ती माफी विसरून गेलो होतो.

कपाटातून पावतीपुस्तक काढून मी त्यांच्या खोलीवर गेलो. वच्छला चार लहान मुलींना उजळणी शिकवत होती. चुडामण सरांचं बोलणं तिच्या कानावर गेलं असावं.

"कुठली शाळा होती, भाऊ?"

मी सांगितलं. तिनं मुलींना पुढचा पाढा पाटीवर लिहायला सांगितला.

"मी फळा कधी वाचलाच नाही," ती म्हणाली. "लहानपणापासून ऐकत आले. बाहेर होता तेव्हा खिडकीतून, आत गेल्यावर या भिंतीतून. भाकरी टाकता टाकता बठ्ठं, अगदी सगळं, ऐकू यायचं. आता चार वर्षं झाली, आबा लिहिताना बोलतच नाहीत."

नळाला पाणी येत नाही असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं. तिच्या आबांना गप्प लिहायला कोणी सांगितलं, हे तिला ठाऊक होतं की नव्हतं, मला आजही माहीत नाही. मी तिला सांगितलं नाही. तेवढी हिंमत झाली नाही.

पेन काढून मी विचारलं, "पावती तुझ्या नावानं फाडू?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"आबांच्या नावानं फाडा, भाऊ. म्हणजे आबांना त्यांचाच फळा वाचता येईल."