चुंबळीवरचा चुना

मे महिन्याच्या उन्हात जांभ्याचा तांबडा माळ तापलेला पाहिला की ते प्रकरण अजून जसेच्या तसे माझ्यापुढे उभे राहते. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. वर्तमानपत्रात त्याची ओळही आली नसेल. तरी पुढच्या सगळ्या नोकरीत जबाब घ्यायला बसलो की मला आधी तेच आठवे.

एकोणीसशे तीसचे दशक नुकतेच सुरू झाले होते. म्हसळा तेव्हा संस्थानी मुलखात होते आणि तिथल्या ठाण्यावर मी फौजदार होतो. आमच्या घराण्यात पदवी मिळवलेला मी पहिलाच. वडील अलिबागकडे दुसऱ्याच्या नारळाच्या वाडीत रहाट हाकायचे. एका मास्तरांनी माझी फी माफ करवून घेतली, दुसऱ्यांनी आपल्या घरी जेवू घातले, म्हणून मी कॉलेजचे तोंड पाहिले. त्यामुळे शाळेचा मास्तर ठाण्याची पायरी चढताना दिसला की मी खुर्चीवरून उठत असे. आमच्या जमादारांना ते रुचत नसे. "साहेब, आपण उठलो की समोरचा बसतो," असे ते म्हणत.

त्या दुपारी मी फेरीवर दिवेआगरच्या चौकीत होतो; तिथे आलेले मास्तर मात्र बसले नाहीत. ते भूगोल शिकवायचे. रेवदंड्याकडच्या एका शाळेची मोठी मुले घेऊन ते शिडाच्या पडावाने दिवेआगरला आले होते आणि किनाऱ्याजवळच्या एका वाडीत त्यांचे उन्हाळी शिबिर होते. मुलांनी दगड ओळखायचे, उन्हावरून दिशा सांगायच्या, दोराच्या गाठी मारायच्या, तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवायचा, असा कार्यक्रम होता. काळा पाषाण आणि जांभा यांतला फरक पुस्तकात वाचण्यापेक्षा हातात घेऊन पाहावा, असे त्यांचे म्हणणे. मला ते मनापासून पटले. पण ते सांगायला ते आले नव्हते; त्यांचा एक विद्यार्थी सकाळपासून बेपत्ता होता.

हकिगत अशी. आदल्या दिवशी सगळे मिळून डोंगरातल्या झऱ्यापर्यंत गेले होते. परतीची वाट चुकू नये म्हणून त्यांनी वाटेवर ठरावीक अंतराने दगड मांडले आणि त्यांना चुना फासला. परत आल्यावर एका सोळा वर्षांच्या मुलाच्या लक्षात आले की नमुन्यांची पिशवी आणि हातोडी झऱ्यावरच राहिली. सकाळी तो एकटाच निघाला. "खुणा आहेत ना सर, चुकेन कसा?" असे म्हणून गेला. दुपार झाली तरी आला नाही.

"तुम्ही शोधलेत?" मी विचारले.

"झऱ्यापर्यंत जाऊन आलो. पिशवी तिथेच पडली आहे. म्हणजे तो पोचलाच नाही. आणि वरच्या टप्प्यातले आमचे खुणेचे दगडही नाहीसे झाले आहेत."

मी फिर्याद लिहून घेत होतो तेवढ्यात खोताचा कारभारी आला. दिवाणजींसारखा स्वच्छ कोट, हातात काठी. त्याने मास्तरांकडे पाहिले आणि माझ्या कानाशी लागला. "फौजदारसाहेब, डोंगरात कशाला शोधता? काल एका कुळाने या पोरांवर कोयता उगारला होता. माझ्या माणसांनी पाहिले आहे. पोर खाडीत शोधा."

मास्तरांनी मान्य केले. त्या शेतकऱ्याच्या वरकस जमिनीतून, म्हणजे डोंगरउतारावरच्या नाचणीच्या जागेतून, मुलांची वाट जात होती. दगड मांडताना तो धावून आला होता. "दगुड उचला, न्हायतर पाय तोडीन," असे ओरडला होता. मुलांना ती गंमत वाटली. ती हसली आणि पुढे गेली.

संध्याकाळपर्यंत आम्ही होड्या घालून खाडी पाहिली. काही मिळाले नाही. शिपायांना त्या शेतकऱ्याच्या घरी पाठवले, तर त्यांना पाहताच तो मागच्या दाराने काजूच्या झाडांत पळाला. धरून आणेपर्यंत अंधार पडला होता. पळाला म्हणजे गुन्हेगार, हे पोलीस खात्यातले सर्वांत जुने गणित. माझेही त्या वेळी तेच होते.

सकाळी त्याच्याच अंगणात जबाब घ्यायला बसलो. पोलीसपाटील, जमादार, दोन शिपाई आणि मास्तर होते. कुंपणाबाहेर शिबिरातली मुले गप्प उभी होती. शेतकरी चाळिशीचा, उंच, हाडकुळा. त्याची नजर माझ्या बुटांवरून वर येत नव्हती.

"काल सकाळी कुठे होतास?"

"म्हसळ्याला. बाजारात."

"काल कुठला बाजार?" जमादार गरजले. "बाजार परवा भरला. खोटं बोलतोस?"

"मंग... मंग घरातच हुतो."

"पोराला कुठं टाकलंस?"

"मी पोराला बगितलाच न्हाय सायेब. देवाशप्पत न्हाय."

"आणि ते दगड? दगड कुठं गेले?"

इथे तो थांबला. पोराबद्दल विचारले की तो नजर खाली ठेवून का होईना, पण लगेच उत्तर देत होता. दगडांचे नाव निघाले की त्याच्या कपाळावर घाम येई. मुलाला मारणाऱ्या माणसाला दगडांची भीती का वाटावी?

जमादारांनी पट्टा सैल केला. "साहेब, तुम्ही जरा वाडीत फेरी मारून या."

"थांबा," मी म्हणालो.

माझी नजर पडवीच्या खुंटीवर गेली होती. तिथे त्याच्या बायकोची चुंबळ टांगलेली होती. डोक्यावर ओझे घेताना बायका खाली ठेवतात ती जुन्या लुगड्याची गुंडाळी. तिची एक कड पांढरी झाली होती. मी ती काढून बोटाने घासली. चुना होता. घर मात्र कुडाचे, शेणाने सारवलेले. एका भिंतीलाही चुना नव्हता.

"बाई, हा चुना कशाचा?"

ती दाराआडून म्हणाली, "पानाचा."

"पानाचा चुना लोक डबीतून नेतात. तुम्ही डोक्यावरून नेता?"

कुंपणाबाहेरचे एक पोर खुदकन हसले. मास्तरांनी त्याच्याकडे पाहताच ते गप्प झाले. बाईने पदर तोंडावर घेतला आणि नवऱ्याकडे पाहिले. त्या नजरेत जी भीती होती, ती मी पूर्वी एकदा पाहिली होती. आमच्याच घरात.

मी लहान असताना आमच्या वस्तीजवळ मोजणीची साखळी पडली होती. त्या दिवशी वडिलांनी आईला चूल पेटवू दिली नाही. धूर दिसला तर घर सरकारी कागदावर चढेल आणि कागदावर चढलेले घर आपले राहत नाही, असे त्यांना वाटे. आम्ही सगळे कोरडे पोहे खाऊन अंधाऱ्या घरात बसलो होतो. चुना फासलेला दगड म्हणजे काय, हे मास्तरांना आणि त्यांच्या मुलांना ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. जंगल खात्याची हद्द जिथून जाते तिथे असेच दगड उभे राहतात, आणि त्यांच्या आत आलेल्या जमिनीत दुसऱ्या वर्षी नाचणी पेरता येत नाही.

मी जमादारांना पट्टा आवळायला सांगितले. टोपी काढून ओट्यावर ठेवली आणि त्या माणसासमोर खालीच बसलो.

"हे बघ. ही पोरं मोजणीची नाहीत. जंगल खात्याची नाहीत. शाळेतली आहेत. ते दगड त्यांनी घरी परतायची वाट सापडावी म्हणून मांडले. ती सरकारी हद्द नव्हती. दगड हलवले म्हणून तुला कुणी धरणार नाही."

"सरकारी मानूस असाच बोलतो," तो म्हणाला. प्रथमच त्याने माझ्याकडे पाहिले. "तुमी कुनाचं?"

"रहाट हाकणाऱ्याचा मुलगा आहे मी. दुसऱ्याच्या वाडीत."

"त्याची शप्पत घ्या."

मी वडिलांची शपथ घेतली. जमादारांनी तोंड फिरवले. पोलीसपाटील खाकरला. शेतकरी मात्र माझा चेहरा न्याहाळत होता. मग म्हणाला, "उचलले. मी अन हिनं. त्याच सांजेला."

"फेकून दिलेत?"

"फेकतोय कशाला? फेकले तर उद्या नवे मांडतील. हद्द कुटंतरी जायचीच. मी म्हनलं, जाऊदे खोताच्या माळावर. त्याचा माळ नापीक हाय, त्याला काय फरक पडतो?"

कारभारी तिथे नव्हता हे बरे झाले.

"कसे मांडलेत?"

"नीट," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थोडा अभिमानही होता. "वाट फुटते तिथून डाव्या अंगाला, करवंदीच्या जाळीमागनं. येका वळीत. वाकडी वळ दिसली तर मोजनीदाराला संशव येतो. म्हनून पार माळाच्या टोकापतुर..."

तो मध्येच थांबला. त्याचा चेहरा पाहता पाहता उतरला.

"काय झालं?"

"सायेब, तितं खान हाय. जुनी, चिऱ्यांची. वर जाळी माजलीय." आणि मग, अगदी हळू, "तो पोर आमच्या दगडांनी तर न्हाय गेला?"

उत्तराची वाट न पाहता तो धावत सुटला. दोन्ही शिपाई त्याच्यामागे ओरडत पळाले. त्यांना वाटले आरोपी पुन्हा निसटला. मास्तर आणि मुलेही धावली. वाट फुटते तिथे करवंदीच्या जाळीमागे पहिला पांढरा दगड होता. आदल्या दिवशी मास्तर तिथूनच गेले होते, पण त्यांना झऱ्याची वाट माहीत होती. ते मुलाला शोधत सरळ वर गेले. मुलगा मात्र दगड शोधत होता.

माळावरून ते दगड दोरी लावल्यासारखे गेले होते. एवढे सरळ की मीही आनंदाने त्यांच्यामागे गेलो असतो. शेवटच्या दगडापुढे रानवेलींची जाळी होती आणि जाळीच्या खाली खाण. चिरे काढून काढून तासलेल्या उभ्या भिंती. तळाशी, सावलीच्या एका पट्ट्यात, मुलगा पडला होता.

शेतकऱ्याने हाक मारली. "पोरा! ए पोरा!"

खालून एक हात हलला. मास्तर दोरासाठी मुलांकडे वळले.

मुलांनी शोधासाठी दोर सोबत आणला होता. शिबिरात शिकलेली खुर्चीची गाठ त्यांनी मारली. गाठ पक्की बसली. खाली कोण उतरणार हा प्रश्नच आला नाही. शेतकरी आधीच भिंतीच्या खाचांतून उतरत होता. मुलाच्या पायाचे हाड मोडले होते, ओठ फुटले होते, पाण्याची बाटली रिकामी होती. शेतकऱ्याने त्याला दोरात बसवले आणि वर येईपर्यंत त्याचा मोडका पाय आपल्या खांद्यावर तोलून धरला. वर आल्यावर, पाण्याची कळशी घेऊन मागून आलेल्या बाईने त्याच चुंबळीची गुंडाळी सोडून चुना न लागलेले टोक भिजवले आणि मुलाच्या ओठांवर थेंब थेंब पिळले.

मुलाने मास्तरांकडे पाहिले. "सर, वाट निराळी वाटत होती," तो म्हणाला, "पण खुणा बरोबर होत्या."

कारभाऱ्याने पुढे बरेच दिवस लकडा लावला की त्या कुळावर खटला भरा. त्याचा त्या वरकसावर आधीपासून डोळा होता, हे पोलीसपाटलाने मला नंतर सांगितले. मी अहवालात अपघात लिहिला. मास्तरांचाही तोच जबाब होता. ते सज्जन गृहस्थ होते, पण एकदा ठाण्यात म्हणाले, "मी रीतसर परवानगी घेतली होती हो."

"कुणाची?"

"महालकऱ्यांची."

मी त्यांच्या जबाबाचा कागद सहीसाठी पुढे केला. सही करताना तेच म्हणाले, "ज्याच्या नाचणीतून गेलो, त्याची नाही."

पुढे मी किती जबाब घेतले ते सांगता येणार नाही. माणूस खोटे बोलतो तो गुन्हा लपवायलाच, असे नाही. पुष्कळदा आपण विचारतो एक आणि तो घाबरलेला असतो दुसऱ्यालाच. ती दुसरी भीती आधी दूर केली नाही, तर पट्ट्याने त्याच्या तोंडून काहीही वदवता येते, खरे सोडून. त्या सकाळी जमादारांनी कबुली नक्की मिळवली असती. आम्ही पुन्हा खाडी उपसत बसलो असतो, आणि मुलगा खाणीत तहानेने गेला असता. हे मला माझ्या पदवीने शिकवले नाही. पण पदवीने मला त्या अंगणात बसण्याचा अधिकार दिला, आणि पेटवू न दिलेल्या चुलीने पुढचे सुचवले. दोहोंचाही मी ऋणी आहे.

पुढच्या उन्हाळ्यात मास्तर पुन्हा मुले घेऊन आले. त्या वेळी आधी शेतकऱ्याच्या अंगणात गेले. मीही सोबत होतो. पाय बरा झालेला तो मुलगा किंचित लंगडत सर्वांत पुढे होता. मास्तरांनी विचारले, "तुमच्या जागेतून वाट काढली तर चालेल का? खुणा कशाच्या करू?"

शेतकऱ्याने बांधावरच्या वाळक्या गवताचा झुबका धरला आणि त्याला एक गाठ मारली.

"ह्याच्या करा," तो म्हणाला. "सरकार कदी गवताला गाठ मारीत न्हाय."